उसन्या छत्राचा भरवसा

सोल वाचविण्यासाठी लॉस एंजलिस पणाला लावण्यास अमेरिका सिद्ध होईल काय, हा प्रश्न दक्षिण कोरियात आणि जपानात कालपरवापर्यंत कुजबुजीचा विषय होता. आज तो उघड्यावर आला आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी बीजिंगच्या तिएनआनमेन चौकात चीनने जे लष्करी संचलन केले, त्यात जमिनीवरून, समुद्राखालून आणि आकाशातून अणुबाँब फेकणारी तिन्ही प्रकारची साधने एकाच दिवशी जगापुढे मांडण्यात आली. शी जिनपिंग यांच्या एका बाजूस रशियाचे पुतिन होते आणि दुसऱ्या बाजूस उत्तर कोरियाचे किम जोंग उन. तिघांच्याही हाती अण्वस्त्रे! आणि त्यांच्या डोळ्यांसमोर, समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्ट्यापलीकडे किंवा तारेच्या कुंपणापलीकडे जे देश आहेत, त्यांच्या हाती एकही नाही. ते जगतात अमेरिकेच्या शब्दावर.

या शब्दाला मुत्सद्द्यांच्या परिभाषेत ‘अणुछत्र’ असे भारदस्त नाव आहे. छत्री गळते की नाही हे पहिल्याच सरीला कळते. या छत्राचे तसे नाही. ते उघडण्याची वेळ आली याचाच अर्थ ते निरुपयोगी ठरले. कारण शत्रूने हल्ला करूच नये एवढ्यासाठीच ते असते. ज्या वस्तूची परीक्षा घेता येत नाही तिच्यावर पाच कोटी कोरियन आणि बारा कोटी जपानी माणसांनी आपल्या प्राणांचा हवाला ठेवला आहे. तो किती काळ ठेवता येईल आणि ते छत्र कशाने टिकेल, याचा विचार आशियातील प्रत्येक राष्ट्राने, आणि विशेषतः भारताने, आज करणे अगत्याचे झाले आहे.

‘माझ्या घरावर दरोडा पडला तर मी बंदूक चालवीन’ असे एखाद्या गृहस्थाने म्हटले, तर दरोडेखोराचा त्यावर चटकन विश्वास बसतो. ‘शेजाऱ्याच्या घरावर दरोडा पडला तरीही चालवीन, आणि त्यापायी माझी मुलेबाळे मारली गेली तरी बेहत्तर’ असे तो म्हणू लागला, तर दरोडेखोर मनातल्या मनात हसतो आणि शेजाऱ्याचीही रात्री झोप उडते. अणुछत्राची सारी अडचण या एका दृष्टांतात सामावलेली आहे. अमेरिकेवर उलट प्रहार करण्याचे सामर्थ्य कोणापाशीच नव्हते तोवर तिचे वचन स्वस्त होते. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागला आणि ते महाग झाले. १९६१ साली पॅरिसमध्ये द गॉल यांनी तरुण केनेडींना तोंडावर विचारले, की पॅरिससाठी न्यूयॉर्कची राख करून घेण्यास तुम्ही खरोखर तयार आहात काय? उत्तराची वाट पाहत द गॉल बसले नव्हते. आदल्याच वर्षी सहारात फ्रान्सचा पहिला अणुस्फोट होऊन गेला होता. ब्रिटनचे एके काळचे संरक्षणमंत्री डेनिस हीली यांनी तर आपल्या आठवणींत या कोड्याचे अंकगणितच मांडले. अमेरिका प्रतिहल्ला करील याची शेकडा पाच इतकी शक्यता रशियाला रोखण्यास पुरेशी आहे. पण युरोपातल्या मित्रांना धीर देण्यास शेकडा पंचाण्णव शक्यता लागते! शत्रूपेक्षा मित्राचीच समजूत घालणे अधिक कठीण, हा त्यातला मर्मभेद आहे, आणि तो आज आशियात जसाच्या तसा लागू पडतो.

गमतीची गोष्ट अशी, की उसन्या छत्रावर विसंबू नये हा धडा आशियात प्रथम गिरविला तो चीननेच. १९५० च्या फेब्रुवारीत माओ आणि स्टालिन यांनी मैत्रीचा तह केला, तेव्हा चीनही दुसऱ्याच्या छत्राखाली उभा राहिला होता. किमोय बेटांवरून अमेरिकेशी दोनदा तणातणी झाली आणि मॉस्कोचा हात आखडता आहे हे बीजिंगला उमगले. १९५९ च्या जूनमध्ये क्रुश्चेव्ह यांनी बाँबविद्येची कबूल केलेली मदत नाकारली. चिनी शास्त्रज्ञांनी आपल्या पहिल्या बाँबच्या योजनेला ‘५९६’ हे नाव दिले. वर्ष एकोणसाठ, महिना सहावा! मित्राने पाठ फिरविली ती तारीखच त्यांनी बाँबवर कोरली. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी लोप नोरच्या वाळवंटात तो बाँब फुटला. जे राष्ट्र स्वतः अशा अविश्वासातून अण्वस्त्रधारी झाले, त्याने आपल्या शेजाऱ्यांना तोच अविश्वास वाटू लागला म्हणून कपाळाला आठ्या घालाव्यात, हे शोभणारे नाही.

आणि त्या स्फोटाचे हादरे सर्वांत आधी कोठे बसले? दिल्लीत. दोन वर्षांपूर्वीचा पराभव ताजा होता. नेहरू जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. अध्यक्ष जॉन्सन यांनी दोनच दिवसांनी जाहीर केले, की जी राष्ट्रे अण्वस्त्रांच्या मागे लागणार नाहीत त्यांना अणुधमकीच्या प्रसंगी अमेरिका पाठबळ देईल. २४ ऑक्टोबरला होमी भाभा आकाशवाणीवरून बोलले आणि दहा किलोटन शक्तीच्या स्फोटाचा खर्च साडेसतरा लाख रुपये होतो, हे त्यांनी देशाला ऐकविले. डिसेंबरात शास्त्रीजी लंडनला गेले आणि अण्वस्त्रधारी नसलेल्या राष्ट्रांच्या संरक्षणाचा प्रश्न त्यांनी विल्सन यांच्यापुढे मांडला. १९६७ मध्ये लक्ष्मीकांत झा आणि विक्रम साराभाई हमीच्या शोधात मॉस्को आणि वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवून आले. हाती काय पडले? १९ जून १९६८ चा सुरक्षा समितीचा २५५ क्रमांकाचा ठराव. अणुहल्ला झाला तर प्रकरण समितीपुढे तातडीने आणले जाईल, असा त्याचा आशय. घराला आग लागल्यावर नगरपालिकेची सभा बोलावण्यासारखे हे आश्वासन होते! भारत तेव्हा समितीचा सदस्य होता. तो मतदानाच्या वेळी तटस्थ राहिला. पुढे १९७४ आणि १९९८ साली पोखरणला जे घडले त्याची एक मुळी या निष्फळ वाऱ्यांत आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून सोलमधल्या आजच्या भयाला नाके मुरडण्याचा अधिकार भारताला नाही. (जपानने मात्र १९९८ साली आपल्यावर रागावून नवी कर्जे थांबविली होती. स्वतः अमेरिकेच्या छत्राखाली कोरडे राहून, भिजणाऱ्याला छत्री घेऊ नकोस म्हणून बजावण्याचा तो प्रकार होता. असो.)

कोरियाची कहाणी तर वचनांच्या भरती-ओहोटीचीच कहाणी आहे. १२ जानेवारी १९५० रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन ॲचेसन यांनी पॅसिफिकमधील संरक्षणरेषेचे वर्णन केले आणि त्यात कोरियाचा समावेश केला नाही. २५ जूनला उत्तरेच्या फौजा दक्षिणेत घुसल्या. केवळ त्या भाषणामुळे युद्ध झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण आपण ज्याचे रक्षण करणारच आहोत त्याचे नाव आधी न घेणे केवढे महाग पडते, हे त्या तीन वर्षांच्या संहाराने दाखविले. १९५८ पासून अमेरिकेने दक्षिण कोरियात प्रत्यक्ष अण्वस्त्रे आणून ठेवली. १९६९ साली निक्सन यांनी आशियाई मित्रांना आपापले ओझे अधिक उचलण्यास सांगितले आणि १९७१ मध्ये एक संपूर्ण डिव्हिजन परत नेली. अध्यक्ष पार्क चुंग ही यांनी त्याचा अर्थ ताबडतोब ओळखला आणि गुप्तपणे बाँबची तयारी सुरू केली. फ्रान्सकडून त्यासाठी लागणारा कारखानाही ठरविला. १९७६ च्या आरंभी अमेरिकेने डोळे वटारले तेव्हा तो व्यवहार मोडला. कार्टर यांनी भूदल काढून नेण्याचा पुन्हा घाट घातला आणि १९७९ मध्ये तो गुंडाळला. १९९१ मध्ये शीतयुद्ध संपल्याच्या आनंदात अमेरिकेने कोरियातील आपली सारी अण्वस्त्रे मायदेशी नेली. उत्तर कोरियाने याचे काय उत्तर दिले, ते जगाला ठाऊक आहे. ९ ऑक्टोबर २००६ ते ३ सप्टेंबर २०१७ या काळात सहा अणुस्फोट झाले. २०१७ च्याच नोव्हेंबरात अमेरिकेच्या कोणत्याही शहरापर्यंत पोचू शकेल असे क्षेपणास्त्र उडाले. द गॉल यांचा प्रश्न त्या दिवशी कोरियन भाषेत अनुवादित झाला.

तेव्हापासून छत्राला ठिगळे लावण्याचे काम चालू आहे. २६ एप्रिल २०२३ रोजी वॉशिंग्टनमध्ये बायडेन आणि यून सुक योल यांनी एक जाहीरनामा काढला. अण्वस्त्रांच्या वापराविषयी उभयतांनी विचारविनिमय करण्यासाठी एक मंडळ नेमले. दक्षिण कोरियाने स्वतःचा बाँब न बनविण्याचा शब्द पुन्हा दिला. जुलैत ‘केंटकी’ ही अण्वस्त्रवाहू अमेरिकी पाणबुडी बुसान बंदरात येऊन उभी राहिली. चाळीस वर्षांत असे घडले नव्हते. एवढे होऊनही लोकमत हलले नाही. आपल्या देशाने स्वतःचा बाँब करावा, असे म्हणणाऱ्या कोरियन नागरिकांचे प्रमाण अनेक पाहण्यांत शेकडा सत्तरच्या घरात किंवा त्याहून वर भरले आहे. पाणबुडी आली तशी गेली. लोकांना जे दिसते ते वॉशिंग्टनमधील बदलत्या माणसांचे चेहरे.

या ठिकाणी आम्हांला एक गोष्ट स्पष्टपणे सांगायची आहे. अणुछत्राचा दांडा बाँबचा नसतो, माणसांचा असतो. दक्षिण कोरियात सुमारे २८,५०० अमेरिकी सैनिक आहेत. जपानात पन्नास हजारांहून अधिक. चीनचे किंवा उत्तर कोरियाचे संपूर्ण सैन्य अडवून धरण्यास ते अपुरे आहेत, हे कोणीही सांगेल. त्यांचे काम वेगळे आहे. हल्ला झालाच तर पहिल्या तासात कोरियनांबरोबर अमेरिकी तरुणही मरतील, आणि मग वॉशिंग्टनमध्ये कोणीही अध्यक्ष असला तरी त्याला हात बांधून बसता येणार नाही, ही त्या तुकड्यांची खरी किंमत. शीतयुद्धाच्या काळात पश्चिम बर्लिनमधील मूठभर फौजेने हेच काम केले. चोहोंकडून वेढलेले ते शहर लढून राखता येण्यासारखे कधीच नव्हते. तरीही ते चार दशके राहिले. अण्वस्त्रांची संख्या हा त्यामानाने दुय्यम हिशेब आहे. स्टॉकहोमच्या शांतता-संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ साली चीनजवळ तीनशेहूनही कमी अण्वस्त्रे होती, ती २०२५ च्या आरंभी सहाशेच्या आसपास गेली. अमेरिकेचा साठा अद्याप त्याच्या सहा पट आहे. म्हणून कोरियनांना सहा पट स्वस्थ झोप लागते काय?

असे असता ज्या माणसांच्या उपस्थितीवर सारे वचन उभे आहे, त्यांचीच घरपट्टी आकारण्याचा उद्योग अमेरिकेने आरंभिला, ही दुर्दैवाची गोष्ट आहे. २०१६ साली निवडणुकीच्या प्रचारात ट्रम्प यांनी जपान आणि दक्षिण कोरिया यांनी हवे तर स्वतःचे बाँब करावेत, असा सूर लावला. २०१९ मध्ये त्यांच्या सरकारने सैन्याच्या खर्चापोटी कोरियाकडे वर्षाला सुमारे पाच अब्ज डॉलर मागितले. पूर्वीच्या वर्गणीच्या जवळजवळ पाच पट! कोरिया फुकट्या नव्हता. प्योंगताएक येथील प्रचंड छावणी बांधण्याचा बहुतांश खर्च त्यानेच उचलला होता. परक्याच्या पलटणी आणि त्यांचा खर्च हा विषय निघाला, की मराठी वाचकाला ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह आठवल्यावाचून राहणार नाही. दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज पत्करली, तिच्यासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इतर दरबारांशी स्वतंत्रपणे बोलण्याचा हक्कही गहाण टाकला. कोरिया आणि जपान यांची स्थिती तशी नाही. अमेरिकी फौजेच्या सान्निध्यात त्यांनी लोकशाही राबविली, उद्योगधंद्यांत अमेरिकेलाच घाम फोडला. पण रक्षणकर्ता भाडे मोजू लागला, की रक्षिताच्या मनात एकच विचार येतो: आज भाड्यासाठी अडून बसणारा उद्या प्राणांसाठी अडून बसणार नाही कशावरून?

जपानची गोष्ट निराळी आणि अधिक अवघड आहे. हिरोशिमा आणि नागासाकी सोसलेल्या या देशाचे पंतप्रधान ऐसाकु सातो यांनी १९६७ च्या डिसेंबरात तीन तत्त्वे जाहीर केली: अण्वस्त्रे बाळगणार नाही, बनविणार नाही, देशात येऊ देणार नाही. १९७४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या सातोंनी ही तत्त्वे सांगितली, त्यांनीच १९६५ च्या जानेवारीत अमेरिकेत जाऊन चीनशी युद्ध झाल्यास अण्वस्त्रांनी आमचे रक्षण कराल ना, अशी विचारणा केली होती; आणि १९६९ मध्ये ओकिनावा परत मिळविताना, प्रसंगी अमेरिकी अण्वस्त्रे तेथे पुन्हा आणू देण्याच्या गुप्त कबुलीजबाबावर सही केली होती. तो कागद २००९ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांकडे सापडला. आम्ही याला केवळ दांभिकपणा म्हणणार नाही. ज्या राष्ट्राच्या शरीरावर अजून भाजल्याचे व्रण आहेत, त्याने आगीचा तिरस्कारही करावा आणि चुलीतला निखाराही झाकून ठेवावा, ही मानवी गोष्ट आहे. बाँबपीडितांच्या ‘निहोन हिदान्क्यो’ या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वेळी जपानच्या मालकीचे प्लुटोनियम चव्वेचाळीस टनांच्या घरात होते. त्यातले बरेचसे ब्रिटन आणि फ्रान्समध्ये आहे. पण मायदेशी आहे तेवढेही थोडे नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान साने ताकाइची यांनी तैवानवर सशस्त्र हल्ला झाल्यास जपानच्या अस्तित्वाचा प्रश्न उभा राहू शकेल, असे संसदेत सांगितले. बीजिंगने आपल्या नागरिकांना जपानला जाऊ नका म्हणून बजावले आणि जपानी मासळी पुन्हा बंद केली. टोकिओत तीन तत्त्वांपैकी तिसऱ्याचा फेरविचार करण्याची भाषा आता कोणाला धक्कादायक वाटत नाही.

मग दोघांनी आपापले बाँब करावेत काय? असे सांगणारे पंडित पुष्कळ आहेत. प्रत्येकाच्या हाती काठी असली की सारेच सभ्यपणे वागतील, असा त्यांचा युक्तिवाद. काठी हाती येईपर्यंतच्या काळाचे काय, याचे उत्तर मात्र ते देत नाहीत. अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारातून बाहेर पडायला तीन महिन्यांची आगाऊ सूचना लागते. ते तीन महिने आणि त्यापुढचे प्रत्यक्ष बाँब तयार होईपर्यंतचे दिवस, हा आशियाच्या इतिहासातला सर्वांत धोक्याचा काळ ठरेल. इराणपाशी बाँब नव्हता. तो होऊ नये म्हणून २०२५ च्या जूनमध्ये आधी इस्रायलने आणि मग अमेरिकेने त्याच्या अणुकेंद्रांवर बाँबवर्षाव केला. किम जोंग उन यांना तोच मोह होणार नाही, अशी हमी कोण देणार? सोल हे सीमेपासून पन्नास किलोमीटरच्या आत वसलेले शहर आहे. शिवाय कोरियाच्या अणुवीजकेंद्रांना लागणारे इंधन बाहेरून येते. तेथील दिवे मालवण्यास शत्रूची गरज नाही, मित्रांचा रोष पुरेसा आहे. आणि कोरियाने पाऊल टाकले की जपान, जपानने टाकले की तैवान, ही साखळी कोणीही डोळ्यांपुढे आणू शकेल. तैवाननेही एकदा गुप्तपणे हा मार्ग धरला होता आणि १९८८ मध्ये अमेरिकेने त्याला तो सोडायला लावला.

आमचे मत असे आहे, की अमेरिकेने अर्धवट वचनाचा खेळ थांबवावा. कोरिया आणि जपान यांतील फौजा हा सौद्याचा विषय नाही, हे तिने एकदा आणि कायमचे सांगून टाकावे. किंवा ते ओझे पेलणार नसेल तर तेही उघडपणे सांगून दहा-वीस वर्षांची क्रमवार आखणी करावी. आज हो, उद्या बिल, परवा मौन, हा प्रकार सर्वांत घातक. ॲचेसन यांच्या भाषणाचे फळ कोरियाने एकदा चाखले आहे. अण्वस्त्रे कोरियात परत आणून ठेवावीत, या मागणीला मात्र आमचा विरोध आहे. ती जेथे ठेवली जातील तेच ठिकाण शत्रूचे पहिले लक्ष्य होईल, आणि संकटकाळी ‘वापरा नाहीतर गमवा’ अशी घाई अंगी येईल. त्यापेक्षा कोरिया आणि जपान यांची साधी शस्त्रे, त्यांच्या पाणबुड्या, त्यांचे हवाई संरक्षण आणि त्याहूनही त्यांचा आपसातला सलोखा वाढला, तर अणुबाँबकडे बोट दाखविण्याचा प्रसंगच दूर जाईल. जुन्या वसाहतराज्याच्या आठवणी मध्ये येतात हे खरे. पण त्या आठवणींचा फायदा आज घेतो आहे तो तिसराच.

चीनलाही येथे सुटका नाही. आम्ही अण्वस्त्रांचा प्रथम वापर करणार नाही, आणि ज्यांच्यापाशी ती नाहीत त्यांच्याविरुद्ध तर कधीच करणार नाही, असे चीन १९६४ पासून सांगत आला आहे. सुंदर वचन आहे. पण २०२१ साली उपग्रहांच्या छायाचित्रांत गान्सूमधील युमेन आणि शिंज्यांगमधील हामी येथील वाळवंटांत क्षेपणास्त्रांच्या विवरांच्या रांगाच्या रांगा दिसल्या, त्यांविषयी बीजिंगने जगाला चार वाक्येही धड सांगितली नाहीत. ज्याचा शब्द खरा असतो त्याला इतके खोदकाम झाकून करावे लागत नाही. शब्दाची किंमत काय असते, हे युक्रेनने दाखवून दिले आहे. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचे लेखी आश्वासन दिले आणि त्याने आपल्या भूमीवरील सुमारे १,९०० दूरपल्ल्याची अण्वस्त्रे रशियाच्या हवाली केली. २०१४ मध्ये क्रिमिया गेला आणि २०२२ मध्ये रणगाडे आले. त्या कागदाची प्रत सोलमधील प्रत्येक मुत्सद्द्याच्या टेबलाच्या खणात असणार.

भारताने या सर्वांकडे तटावर बसून पाहत राहावे काय? छत्रांचा नवा बाजार आता आपल्या दारापर्यंत आला आहे. ९ सप्टेंबर २०२५ रोजी इस्रायलने कतारच्या राजधानीवर हल्ला केला. अमेरिकेचा मोठा हवाई तळ पदरी असूनही तो टळला नाही. आठच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, सौदी अरेबियाने पाकिस्तानशी परस्पर-संरक्षणाचा करार केला. एकावर हल्ला तो दोघांवर हल्ला, असा त्याचा मजकूर. अमेरिकेच्या छत्रावरचा विश्वास उडाला की माणसे कोणत्या दुकानात शिरतात, याचा हा नमुना आहे, आणि ते दुकान नेमके आपल्या शेजाऱ्याचे आहे. म्हणून सोल आणि टोकिओ यांचा विश्वास टिकण्यात भारताचाही प्रत्यक्ष स्वार्थ आहे.

करण्याजोगे एक काम दिल्लीच्या हाती आहे. २००३ च्या जानेवारीत जाहीर केलेल्या धोरणात भारतानेही प्रथम वापर न करण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. अण्वस्त्रधारी राष्ट्रांत हे तत्त्व उच्चारणारे दोनच मोठे देश, आणि ते एकमेकांचे शेजारी. चीनने अण्वस्त्रधारी राष्ट्रांपुढे अशा तहाचा मसुदा १९९४ मध्ये ठेवला होता आणि २०२४ मध्येही त्या कल्पनेचा पुनरुच्चार केला. मग त्याने तो प्रथम भारताशी करून दाखवावा, आणि त्याच तहात जपान व कोरिया यांना दिलेला शब्द तपासणीच्या कलमांसह लिहून द्यावा, अशी मागणी भारताने जाहीरपणे करावी. हामीच्या वाळवंटातील विवरांची मोजदाद त्या तपासणीच्या पहिल्या यादीत असली पाहिजे. चीनने ती मान्य केली तर आशियाचा मोठा भार हलका होईल. नाकारली, तर निदान टोकिओ आणि सोल येथील वाद कोणत्या प्रश्नावर चालला पाहिजे, हे तरी सर्वांना दिसेल.